पटावर होते ते सगळे

दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात, लग्नाची तिथी नसलेल्या रविवारी, बारामती-इंदापूर परिसरातली मंगल कार्यालयं एका वेगळ्याच कार्यक्रमाने गजबजतात. दारात फ्लेक्स असतो : माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, इयत्ता दहावी, आणि खाली सन. पुरुषांच्या डोक्याला फेटे, बायका आधी ठरवून एका रंगाच्या साड्यांत. निवृत्त सर-मॅडमना घरून गाडीने आणलेलं असतं. दारात औक्षण होतं, मुलं पाया पडतात. ही मुलंही आता चाळिशी ओलांडलेली असतात. मग घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते आणि पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी हजेरी घेतली होती तेच सर पुन्हा हजेरी घ्यायला उभे राहतात. साखर कारखान्यातला चिटबॉय, पुण्यात फ्लॅट घेतलेला इंजिनियर, एमआयडीसीतला सुपरवायझर, अंगणवाडी सेविका असे सगळे 'हजर सर' म्हणतात आणि तेवढे दोन शब्द उच्चारतानाही अनेकांचा गळा दाटून येतो.

अशा मेळाव्यांना हौशीचा आणि फोटोंचा कार्यक्रम म्हणून नाकं मुरडणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही. भावकी, जात, पक्ष, कारखान्याचं पॅनेल यांतलं काहीही न विचारता कुणी नुसत्या नावाने हाक मारावी, अशा जागा गावात फार उरलेल्या नाहीत. वर्ग ही तशी जागा आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला 'ए बाळ्या' म्हणून हाक मारण्याचा हक्क आईवडिलांनंतर वर्गमित्रांनाच असतो. म्हणूनच या मेळाव्यांतल्या हजेरीबद्दल भांडायला हवं असं मला वाटतं. सरांच्या हातात जी यादी असते, ती येते कुठून? बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून, आणि ग्रुप बनतो तो दहावीला बसलेल्यांच्या आठवणीतून. जी मुलं पाचवीला त्याच बाकावर होती आणि आठवीत, नववीत गळाली, ती त्या यादीत नसतात. वर्गाने मागे वळून पाहायचं असेल तर दहावीचा निकाल बाजूला ठेवावा आणि पाचवीचा पट हातात घ्यावा, हे माझं म्हणणं आहे. निकालापासून सुरू होणारी आठवण सगळीकडेच अर्धी असते. या दोन तालुक्यांत ती जास्तच अर्धी असते.

त्याचं कारण पाण्यात आहे. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात, 1885 च्या सुमारास, या भागात आला आणि त्याने एकाच तालुक्याचे दोन तालुके केले. बारामतीत कालव्याच्या पाण्याखाली आलेला माळेगावकडचा बागायती पट्टा आणि पाणी न पोचलेला सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा. इंदापुरातही तेच : एकीकडे कालव्यावरचा आणि पुढे उजनीच्या काठचा ऊस, दुसरीकडे लाकडी-निंबोडीसारखा भाग, जिथल्या लोकांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या पाण्याच्या योजनेचंच नाव. बागायतदाराचं पोर आणि जिरायतदाराचं पोर यांची गाठ एरवी पडलीच तर मालक आणि मजूर म्हणून पडायची. ती बरोबरीने पडली फक्त हायस्कुलात.

बारामतीत महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची शाळा, इंदापुरात नारायणदास रामदास हायस्कूल, वालचंदनगरला कारखान्याच्या वसाहतीतलं वर्धमान विद्यालय, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या गावोगावच्या शाखा. या शाळांच्या वर्गांत काय घडत होतं, याची नोंद कुठल्याच अहवालात सापडणार नाही. वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी किंवा सातवी झाली की पोर चार-सहा किलोमीटर चालत, नाहीतर सायकलवर, नाहीतर एसटीच्या पासावर हायस्कुलात यायचं. 1959 साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी दिली. ईबीसीचा तो फॉर्म हेच अनेक घरांतलं शिक्षणाचं पहिलं कागदपत्र ठरलं. फी माफ झाली तरी भाकरी ज्याची त्यालाच आणायची होती, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की बागायत कुणाची आणि जिरायत कुणाची ते उघड व्हायचं. चपाती एका डब्यात, बाजरीची भाकरी आणि ठेचा दुसऱ्यात. डबे एकत्र करून खाण्याची सवय ज्या वर्गांना लागली, त्यांचे मेळावे आजही वेगळे असतात.

आणखी एक गोष्ट इथल्याच मुलांच्या वाट्याला येते. शाळा उघडून जेमतेम काही दिवस होतात तोच तुकोबांची पालखी येते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि पुढे नीरा ओलांडून अकलूज. वाटेवरच्या शाळांच्या वर्गखोल्या वारकऱ्यांसाठी मोकळ्या केल्या जातात. ज्या फळ्यावर काल बीजगणित होतं, त्याच्याखाली रात्री टाळ आणि वळकट्या. नवीन पुस्तकांचा वास गेलेला नसतो अशा दिवसांत मुलं पाण्याच्या कळशा वाहतात, रिंगणातल्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. सहावीतला हुशार आणि सहावीतला ढ, दोघांनी ती माती लावलेली असते. मेळाव्यात हमखास निघणारी आठवण ही असते. ती सांगणारे ओळखीचे असतात. तिच्यात असलेले सगळेच समोर नसतात.

1975 साली शालान्त परीक्षेची पद्धत बदलली. जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन बॅचेस एकाच वर्षी बाहेर पडल्या. त्या पहिल्या दहावीने नुकतीच पन्नास वर्षं पूर्ण केली. हिशेब मागे न्या : 1975 च्या मार्चमध्ये दहावीला बसलेलं पोर 1972-73 साली आठवीत होतं. म्हणजे महाराष्ट्राच्या आठवणीत कोरल्या गेलेल्या दुष्काळाचं ते वर्ष. तालुक्याच्या जिरायती भागात त्या साली विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं कवडीमोलाने जात होती आणि घरंच्या घरं दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली होती. आठवीतलं पोर म्हणजे तेरा-चौदा वर्षांचं. पाट्या उचलायला पुरेसं मोठं. ज्यांच्या घरात कालव्याचं पाणी होतं ती पोरं वर्गात राहिली. ज्यांच्या घरात नव्हतं, त्यांतली काही राहिली, काही कामावर गेली ती परत आलीच नाहीत. जेव्हा त्या बॅचचा मेळावा भरतो आणि 'आमच्या वेळी वर्गात इतकेच होतो' असं कुणी सांगतं, तेव्हा त्या 'इतकेच'मध्ये एक दुष्काळ असतो. त्या वेळी कामावर गेलेल्यांतले कित्येक आज सत्तरीच्या आसपास त्याच तालुक्यात आहेत. त्यांना कुणीतरी बोलवायला हवं होतं.

कोण कधी गेलं हे कळण्याचा मार्ग आहे, आणि तो प्रत्येक शाळेच्या कपाटात आहे. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली मोठी वही. डाव्या पानावर अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख. उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडण्याचं कारण आणि शेरा. प्रगतीच्या रकान्यात बहुतेकांना 'बरी', वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली'. कारणाच्या रकान्यापाशी मात्र थांबायला हवं. 'एस.एस.सी. उत्तीर्ण' अशा नोंदींच्या मध्ये मध्ये 'पालकाच्या विनंतीवरून' आणि 'सतत गैरहजर' अशा नोंदी असतात. एका मुलीचं लग्न, एका बापाचं आजारपण, एका घराचं स्थलांतर, सगळं त्या दोन-तीन शब्दांत बसवलेलं. लिहिणाऱ्या क्लार्कचा त्यात दोष नाही. रकाना तेवढाच रुंद आहे.

ही रजिस्टरं अलीकडे महाराष्ट्रभर उघडली गेली होती. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा शाळाशाळांतून जुन्या वह्या बाहेर निघाल्या, मोडीतली नि बाळबोधातली पानं बारकाईने तपासली गेली. पणजोबाची जात शोधण्यासाठी जी वही आपण उघडू शकतो, ती आपल्याच शेजारी बसणाऱ्याचा ठावठिकाणा शोधण्यासाठीही उघडता येईल. त्या वहीत जात आणि जन्मतारीख असते, ती कुणाच्याही हाती देऊ नये, हे मान्य. मुख्याध्यापकांनी त्यातली फक्त नावं आणि गावं उतरवून दिली तरी पुरे.

वर्ग नेमका कुठे फुटतो? शिक्षण हक्काचा कायदा 2010 पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वयापर्यंतच आहे. आठवीपर्यंत ढकलत आणलेलं मूल नववीला कायद्याच्या बाहेर पडतं, आणि इथेच शाळेचा हिशेब सुरू होतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की शाळेचा फ्लेक्स चौकात लागतो; तो लागावा म्हणून कच्ची पोरं नववीतच अडवून ठेवायची किंवा पालकाला बोलावून 'याला बाहेरून बसवा' म्हणून सतरा नंबरच्या फॉर्मचा रस्ता दाखवायचा. हे अनेक गावांत घडलेलं आहे आणि शिक्षकांनाही ते सलतं. आपण ज्याला आपल्या बॅचचा निकाल म्हणून मिरवतो, त्यात न बसू दिलेल्यांचाही वाटा असतो. मेळाव्यात सत्कार घेणाऱ्या शिक्षकांनी आणि सत्कार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी, दोघांनीही याबद्दल मोकळेपणाने बोलावं. त्याने गुरुजनांचा मान कमी होणार नाही. मी ज्या निवृत्त शिक्षकांशी या विषयावर बोललो, त्यांना गुणवंत विद्यार्थ्यांची नावं आठवावी लागली. सुटलेल्या पोरांची नावं जिभेवर होती.

मुलींचं निराळं आहे. बहुतेक शाळांत हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली अशी नावं असायची, आणि वरच्या वर्गांत खालची बाजू आखूड होत जायची. मुलींचं शिक्षण मोफत झालं, गावाकडच्या मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास मिळाला, त्याने फार मोठा फरक पडला. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात विशीतल्या (20 ते 24 वयाच्या) स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं प्रमाण यापेक्षा मोठंच होतं. या मुली मेळाव्याच्या यादीत सापडत नाहीत याचं साधं कारण म्हणजे त्यांचं नाव बदललेलं असतं, आडनाव बदललेलं असतं, गाव बदललेलं असतं आणि त्यांचा नंबर असलाच तर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये 'अमुकची मम्मी' म्हणून असतो. शोधायचं तर तिच्या माहेरी जायला लागतं, भावाला विचारायला लागतं, आणि भाऊ आधी विचारतो, "तुम्ही कोण? कशासाठी पाहिजे?" हे काम वर्गातल्या बायकांनी हाती घेतलं तर होतं. ज्या बॅचेसमध्ये झालं, तिथे नववीत शाळा सोडलेली बाई पहिल्यांदाच आपल्या स्वतःच्या नावावर आलेल्या निमंत्रणाने घराबाहेर पडलेली आहे. चार वाजता 'निघते गं, गाडी चुकेल' म्हणून ती उठते, तेव्हा तिला एसटी स्टँडवर सोडायला चौघीजणी जातात.

इंदापुरात आणखी एका प्रकारची फूट आहे, ती धरणाने पाडलेली. उजनी 1980 साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात उघडं पडतं, तेव्हा फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला पुण्याहून गाड्या येतात. त्याच पाण्याखाली शाळेच्या वाटा आहेत, पोरांचे पोहण्याचे डोह आहेत. सत्तरच्या दशकात तिथे शिकणाऱ्यांचे वर्ग निकालामुळे किंवा नापास होण्यामुळे फुटले नाहीत. गावठाणंच उठली आणि एकेका बाकावरची पोरं वेगवेगळ्या पुनर्वसनात गेली. धरणग्रस्तांच्या जमिनीचे, मोबदल्याचे कागद निघाले. कुठला वर्ग कुठे पांगला याचा कागद कुणी केला नाही. तो करू शकणारी माणसं आता साठीपुढे आहेत, आणि उसाच्या भरभराटीत गढलेल्या तालुक्याने त्यांच्याकडून तो आताच करून घ्यायला हवा.

ऊस म्हटला की आणखी काही मुलं डोळ्यांसमोर येतात, जी कुठल्याच बॅचची नाहीत. दरवर्षी हंगाम सुरू झाला की बीड, नगरकडून टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, जिथे कारखाना तिथे गावाबाहेर कोप्या पडतात. कोपीतली दहा-बारा वर्षांची मुलगी लहान भावंडाला कडेवर घेऊन शाळेच्या कुंपणाशी उभी राहते आणि आतला खेळाचा तास बघते. साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहं निघाली, काही मुलं टिकली. जी टिकली नाहीत, त्यांचं नाव गावच्या पटावर होतं आणि देह इथल्या फडात. वर्षानुवर्षं शेजारी येऊन जाणाऱ्या या मुलांना आपल्या शाळेच्या आठवणीत जागा द्यायची की नाही? माझ्या मते द्यायला हवी. आपण ज्या वर्षी सातवीत होतो, त्या वर्षी आपल्याच शेतात तोडणीला आलेली आपल्याच वयाची पोरं होती. त्यांच्या वाढ्यांच्या मोळ्या आपल्या गोठ्यात आल्या होत्या.

इंग्लंडात 1964 साली 'सेव्हन अप' नावाने एक माहितीपट झाला. वेगवेगळ्या थरांतली सात वर्षांची चौदा मुलं निवडली आणि दर सात वर्षांनी मायकेल अ‍ॅप्टेड त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन जात राहिले. 2019 मध्ये ती मुलं त्रेसष्ट वर्षांची झालेली दिसली. त्यातलं एक मूल तरुणपणी बेघर होऊन फिरत होतं, पुढे स्थानिक राजकारणात निवडून आलं. ते बेघर असताना 'आता याच्यात दाखवण्यासारखं काय आहे' म्हणून वगळलं असतं, तर त्या मालिकेत पाहण्यासारखं फारसं उरलं नसतं. तिथे सुरुवातीला घेतलेल्या चौदा जणांचाच पट कायम धरला गेला. एखाद्याने स्वतःहून नकार दिला तर दिला. मेळावा भरवणाऱ्यांनी हीच रीत ठेवावी. न येण्याचा हक्क ज्याचा त्याला. न बोलावण्याचा हक्क आपल्याला नाही.

यावर एक आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. बोलावलं तरी ते येत नाहीत. ट्रॅक्टर चालवणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या जुन्या दोस्ताला फोन केला की तो म्हणतो, "आरं, आपण कुठं दहावी केली? तिथं आपलं काय काम?" त्याला लाज वाटते, मग बोलावून त्याला अवघडवायचं कशाला? हा आक्षेप मांडणारे मायेनेच मांडतात. पण ती लाज त्याने घरून आणलेली नसते. ती आपल्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेली असते. वर्गणी आधी भरायची असते. दारात नावाचा बिल्ला मिळतो, त्यावर हुद्दा असतो. आणि मग येतो परिचयाचा कार्यक्रम : एकेकाने माइकवर यायचं, नाव सांगायचं, सध्या काय करतो ते सांगायचं. डॉक्टर, अधिकारी, उद्योजक यांच्यानंतर माइक ज्याच्या हातात येतो त्याची अवस्था एकदा डोळे उघडे ठेवून पाहा. बोलण्यासारखं त्याच्याकडे भरपूर असतं. सरांच्या छडीची, नदीवरच्या पोहण्याची, चोरून खाल्लेल्या उसाची त्याची आठवण सगळ्यांपेक्षा ताजी असते, कारण शाळेनंतर त्याला दुसरी शाळा मिळाली नाही. आपण त्याला तेच सोडून बाकीचं विचारतो. परिचय बंद करा आणि आठवण सांगायला लावा. कार्यक्रम बदललेला दिसेल.

कोरोनाने एका निराळ्या पिढीला जन्म दिला आहे, आणि तिचा मेळावा अजून व्हायचा आहे. मार्च 2020 मध्ये दहावीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर 23 तारखेला होता. तो आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. शेवटच्या पेपरनंतर शाईने रंगलेले सदरे, केंद्राबाहेरचा उसाचा रस, 'भेटू रे' म्हणून वळलेल्या सायकली, हे त्या बॅचला मिळालंच नाही. 2021 च्या बॅचची तर परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, 99.95 टक्के. कागदावर इतका पूर्ण वर्ग महाराष्ट्रात कधीच पास झालेला नव्हता. आणि नेमक्या त्याच वर्षी ज्या घरात एकच मोबाइल होता, तिथली पोरं वर्गाला सर्वांत जास्त मुकली होती. 2022 च्या मुलांच्या वाट्याला शाळा उघडली तेव्हा एसटीचा संप होता. वाड्यावस्त्यांवरच्या मुली पायी येत राहिल्या किंवा घरी राहिल्या. ही मुलं आज विशीत आहेत. त्यांना मी सांगेन की पंचवीस वर्षं थांबू नका. 2021 च्या बॅचमध्ये तर नापास जवळजवळ कुणीच नाही, त्यामुळे लाजेचं कारण नाही. आणि कोण अकरावीला गेलंच नाही हे तुम्हाला अजून पाठ आहे. इतकी सोपी यादी पुढच्या कुठल्या बॅचला मिळणार नाही.

पुढच्या बॅचेसबद्दल मला खरी काळजी वेगळीच वाटते. आज पहाटे सहा-साडेसहाला पिवळ्या बसेस वस्त्यावस्त्यांवरून फिरतात आणि ज्यांना परवडतं त्यांची मुलं इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घेऊन जातात. बारामतीला शिक्षणाचं केंद्र म्हणून मिळालेला लौकिक खरा आहे. बाहेरगावाहून मुलं तिथे शिकायला येतात, एमआयडीसीने आणि महाविद्यालयांनी अनेक घरं वर आणली. मी आईबापांना दोष देणार नाही. परंतु मे महिन्यात मराठी शाळेतले शिक्षक पटासाठी दारोदार फिरताना दिसतात, तुकड्या बंद पडतात आणि उरलेल्या वर्गात उरलेल्यांचीच मुलं असतात. भाकरी आणि चपातीचे डबे आता एका बाकावर उघडत नाहीत. एकाच गावातली दोन मुलं दहा वर्षं एकमेकांना न ओळखता मोठी होतात. पंचवीस वर्षांनी त्यांचेही मेळावे होतील, कदाचित जास्त थाटाचे. त्यात बागायत-जिरायत एका पंगतीला बसलेली नसेल, कारण ती कधी एका वर्गातच नव्हती. म्हणूनच आज चाळीस ते सत्तर वयाच्या बॅचेसवर जास्त जबाबदारी आहे असं मी मानतो. गावातल्या सगळ्या थरांना नावाने ओळखणारी ती शेवटची माणसं आहेत.

या बॅचेस शाळेला देणगी देतात. प्रोजेक्टर, पाणी शुद्ध करायचं यंत्र, कमान, आणि त्यावर बॅचचं नाव. देऊ नये असं नाही. मात्र त्याच पैशात आपल्याच शाळेतल्या नववी-दहावीच्या चार मुलींच्या सायकली होतात, सतरा नंबरचे फॉर्म भरून शाळा सुटलेल्यांना परीक्षेला बसवता येतं, ऊसतोडीला निघालेल्या घरातल्या एका मुलाची राहण्याची सोय होते. आणि आपल्याच वर्गातल्या सुटलेल्यांची मुलं आज ज्या इयत्तेत आहेत तिथे ती टिकतात की नाही, हे पाहायला तर पैसेही लागत नाहीत. वर्षातून दोनदा शाळेत जाऊन हजेरीपट विचारला तरी पुष्कळ होतं. बापाचा वर्गमित्र शाळेत येऊन चौकशी करतो म्हटल्यावर मूल दांडी मारताना दहादा विचार करतं, आणि शाळाही त्याला नववीत अडवताना विचार करते.

तेव्हा ज्यांच्या दहावीला येत्या वर्षी पंचवीस, चाळीस किंवा पन्नास वर्षं होत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. मंगल कार्यालयाची तारीख धरण्याआधी, फेट्यांची ऑर्डर देण्याआधी, दोघातिघांनी शाळेत जा आणि मुख्याध्यापकांच्या नावे एक साधा अर्ज द्या. त्यात आपल्या बॅचची यादी मागा, आणि ती दहावीच्या वर्षाची नको, ज्या वर्षी पाचवीत पहिल्यांदा त्या वर्गात बसलात त्या वर्षाची मागा.